पहिल्या ट्रायथलॉनसाठी पोहणे शिकताना : सोलापुरातील प्रौढांच्या एका वर्गाचे परीक्षण

गेली सात वर्षे मी नियमाने धावते आहे. पहाटे साडेपाचला घरातून निघायचे, विजापूर रस्त्याने संभाजी तलावापर्यंत जायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे, हा माझा ठरलेला क्रम आहे आणि अर्धमॅरेथॉन सव्वादोन तासांच्या आत पूर्ण करण्याइतका दम पायांत आला आहे. गेल्या उन्हाळ्यात ट्रायथलॉनचे मनावर घेतले तेव्हा कमी अंतराचा प्रकार निवडला, ज्याला स्प्रिंट म्हणतात : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि शेवटी ५ किलोमीटर धावणे. धावणे हातचे होते आणि सायकल शाळेपासून चालवत आले होते, पण पोहण्याच्या नावाने माझी पाटी पूर्ण कोरी होती. बार्शीकडे मामाच्या गावी सुटीत गेल्यावर माझे भाऊ पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीत पोहायला शिकले आणि आम्ही मुली वर धावेवर बसून त्यांचे कपडे सांभाळत राहिलो. ती राहून गेलेली गोष्ट एकोणचाळिसाव्या वर्षी शिकायची म्हणून ऑगस्टमध्ये शहरातील एका खासगी तरण तलावावर प्रौढांच्या सकाळच्या वर्गात नाव घातले. डिसेंबरमध्ये स्पर्धा पार पडली. चार महिन्यांच्या त्या वर्गाचे हे परीक्षण आहे.

तलावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशा वर्गाचा दर्जा इमारतीवर अवलंबून नसतो, शिकवणाऱ्या व्यक्तीवर असतो आणि ती व्यक्ती बदलली की त्याच पाण्यातला वर्ग निराळा होतो. शिवाय काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि त्या आपल्याकडील बहुतेक तलावांना कमीअधिक लागू पडतील. वाचणाऱ्यांनी हे निकष घेऊन आपल्या जवळच्या तलावावर जाऊन पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.

वर्ग सकाळी सहा ते सात असा आठवड्यातून पाच दिवस भरतो. तलाव २५ मीटर लांबीचा आहे. त्याची उथळ बाजू साडेतीन फूट आणि खोल बाजू सहा फूट आहे. आमच्या तुकडीत अकरा जण होते, त्यांपैकी चार स्त्रिया. स्त्रियांसाठी वेगळी वेळ दुपारी चार ते पाच अशी असते, जी नोकरी करणाऱ्या बाईच्या उपयोगाची नाही; परंतु सकाळच्या मिश्र तुकडीत भिंतीकडची एक पट्टी स्त्रियांसाठी राखून ठेवली होती आणि शिकवायला प्रशिक्षिका होत्या, ही सोय मला फार मोलाची वाटली. पूर्ण बाह्यांचा आणि गुडघ्याखालपर्यंतचा पोहण्याचा पोशाख घालून उतरायला कोणाची हरकत नव्हती. पोशाखाच्या संकोचापायी पाण्याच्या वाटेला न जाणाऱ्या स्त्रिया माझ्या ओळखीत कितीतरी आहेत, म्हणून हे आवर्जून नोंदवते.

या वर्गाची खरी किंमत मला पहिल्या दोन आठवड्यांत कळली. मी गेले होते ते हात कसे मारायचे आणि पाय कसे हलवायचे हे शिकायला, पण प्रशिक्षिकांनी पंधरा दिवस मला भिंतीपासून दूर जाऊच दिले नाही. उथळ बाजूला काठाला लागून एक स्टीलचा पाइप बसवलेला आहे. तो दोन्ही हातांनी धरायचा, चेहरा पाण्यात घालायचा, नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडत राहायचे, मान एका कुशीला वळवून तोंडाने श्वास घ्यायचा आणि पुन्हा चेहरा पाण्यात. माझ्या पाइपासमोरच्या एका निळ्या फरशीला तिरकी चीर गेलेली होती. ती चीर मी इतक्या वेळा पाहिली की आजही डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहते. पहिल्या दिवशी दहा वेळा केले की छाती भरून यायची आणि मी धडपडत उभी राहायची. प्रशिक्षिका शेजारी पाण्यात उभ्या राहून बोटाने पाण्यावर टिचक्या मारत मोजायच्या आणि म्हणायच्या, ‘मॅडम, श्वास सोडा की. धरून कशाला बसलाय?’

त्या एका वाक्यात धावणाऱ्याच्या पोहण्याचे सगळे दुखणे आले. धावताना श्वासाचा विचार करावा लागत नाही. दम लागला की आपोआप जोरात श्वास चालू होतो. पाण्यात मात्र श्वास घेण्याची वेळ आपण ठरवत नाही, ती हाताच्या लयीवर ठरते, आणि घाबरलेला माणूस त्या वेळेची वाट पाहत श्वास रोखून धरतो. रोखून धरल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. श्वास घेण्याची तीव्र निकड त्यानेच निर्माण होते. आत साठलेले बाहेर न टाकता नवे घ्यायला गेले की तोंड पाण्याबाहेर असतानाच्या अर्ध्या क्षणात सोडणे आणि घेणे अशी दोन्ही कामे करावी लागतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. चेहरा पाण्यात असतानाच पूर्ण श्वास सोडला, तर मान वळवल्यावर फक्त घ्यायचे काम उरते. हे ऐकायला सोपे आहे, पण अंगवळणी पडायला मला बारा दिवस लागले आणि त्या बारा दिवसांत वर्गातील इतर दोघे जण ‘नुसते बुडबुडेच काढायचे का’ म्हणून कंटाळून यायचे बंद झाले. त्यांनी दुसरीकडे नाव घातले, जिथे पहिल्याच दिवशी फ्लोट हातात देऊन पलीकडच्या काठाला पाठवतात. त्या पद्धतीने उतरलेला माणूस २५ मीटर जातो, हे खरे आहे; मात्र पन्नासाव्या मीटरला तो धापा टाकत काठ धरतो आणि मग महिनोन्‌महिने तिथेच अडकतो.

श्वासानंतर पायांचा प्रश्न आला. आपले पाय मजबूत आहेत, तेव्हा पोहताना तेच आपल्याला पुढे नेतील, असा धावणाऱ्याचा समज असतो. प्रत्यक्षात माझे पाय मला खाली ओढत होते. सात वर्षे रस्त्यावर आपटून घोटे ताठर झालेले असतात. पोहताना पावले मागे, बॅले नर्तिकेसारखी ताणली जायला हवीत, ती ताणली जात नाहीत आणि तळाकडे वळलेली पावले ब्रेकचे काम करतात. त्यातून मी गुडघे वाकवून जोरात पाय मारत होते, म्हणजे पाण्यातही धावतच होते. प्रशिक्षिकांनी यावर जो उपाय केला तो मला फार शहाणपणाचा वाटला. पाय मारणे त्यांनी जवळजवळ बंदच करवले. ‘पाय हापटू नका, छाती दाबा,’ एवढेच त्या सांगत. छाती आणि कपाळ पाण्यात किंचित दाबले की तराजूचे दुसरे पारडे वर यावे तसे कंबर आणि पाय आपोआप वर येतात. मग झोपेत कूस बदलतो तसे अंग एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वळवायचे आणि त्या वळण्यातूनच हात पुढे जाऊ द्यायचा. पाय फक्त तोल सांभाळण्यापुरते हलवायचे. ट्रायथलॉन करणाऱ्याला याचा दुहेरी फायदा असतो, कारण पाण्यात वाचवलेले पाय पुढे सायकलला आणि धावायला लागतात. घोट्यांसाठी त्यांनी घरी रोज पाच मिनिटे वज्रासनात बसायला सांगितले होते. महिन्याभरात पावलांत फरक जाणवला.

सप्टेंबरच्या अखेरीस मी न थांबता १०० मीटर पोहू लागले आणि तिथे पाच आठवडे अडकून राहिले. या काळात वर्गाची एक उणीव प्रकर्षाने जाणवली. नवशिक्याला तरंगते करणे आणि त्याला अंतर कापायला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्या कामासाठी वर्गाकडे लिहिलेले असे काही वेळापत्रक नव्हते. धावण्यातील अनुभवावरून मीच ते बसवले : आधी ५० मीटरचे आठ तुकडे, मधे वीस सेकंद विश्रांती, मग १०० मीटरचे पाच, मग २०० मीटरचे तीन. दाखवल्यावर प्रशिक्षिकांनी त्यात सुधारणा करून दिल्या, शेवटच्या तुकड्यांत माझी कोपरे खाली पडतात हे दाखवून दिले आणि त्यासाठी हाताची मूठ वळून पोहण्याचा सरावही घेतला. मुठीने पाणी धरता येत नाही, त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाने पाणी मागे ढकलायची सवय लागते. म्हणजे ज्ञान होते, मागितल्यावर मिळतही होते. फक्त न मागणाऱ्यापर्यंत ते पोचत नव्हते. ज्यांना ७५० मीटरचे ध्येय आहे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते स्पष्टपणे सांगावे.

पाण्याच्या स्वच्छतेविषयी लिहिणे सोलापुरात विशेष गरजेचे आहे. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येणाऱ्या या शहरात तलावाचे पाणी वारंवार बदलले जावे, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही आणि तशी गरजही नाही. गाळणयंत्र नीट चालले आणि क्लोरीनचे प्रमाण रोज तपासले, तर तेच पाणी दीर्घकाळ चांगले राहते. या तलावावर दाराशी एक फळा आहे आणि त्यावर रोजची क्लोरीनची व पीएचची नोंद खडूने लिहिलेली असते. पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान असावा आणि मी पाहिले त्या बहुतेक दिवशी तो तसा होता. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला की आपण ‘आज क्लोरीन जास्त झाले’ असे म्हणतो, पण तो वास बहुधा क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी संयोग पावून जे क्लोरामाइन तयार होते त्याचा तो वास असतो, म्हणजे वास हा पाणी अस्वच्छ झाल्याचा पुरावा मानावा. उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ करण्याचा नियम त्यासाठीच आहे. इथे तो नियम पाटीवर होता, पण पाळला जातो की नाही हे कोणी पाहत नव्हते आणि रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी सकाळी पाण्याला तो वास हमखास यायचा. ही व्यवस्थापनाची चूक आहे आणि ती एका माणसाला शॉवरपाशी उभे केले तर सुटण्यासारखी आहे.

दुसरी तक्रार स्त्रियांच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांची. चार जणींना दोनच खोल्या आहेत आणि त्यांतील एकीची कडी चारही महिने मोडलेली होती. आम्ही आळीपाळीने दाराशी उभ्या राहायचो. लेखी अर्ज देऊनही कडी बसली नाही. पाण्यातला वर्ग इतका चांगला असताना शंभर रुपयांच्या कडीपायी एखादी बाई यायची थांबू शकते, हे ज्यांना कळायला हवे त्यांना कळलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता उघड्या पाण्याविषयी. तलावात ७५० मीटर म्हणजे तीस लांब्या आणि त्यांत एकोणतीस वेळा वळणे. प्रत्येक वळणावर भिंतीला पाय टेकून ढकलले की मी सुमारे तीन मीटर फुकट पुढे जाते, म्हणजे ७५० पैकी जवळजवळ नव्वद मीटर भिंतीच्या जोरावर होतात आणि दर २५ मीटरला श्वासाला क्षणभर उसंत मिळते ती वेगळीच. स्पर्धेच्या ठिकाणी भिंत नसते आणि तळाला काळी रेघही नसते. आम्ही तिघांनी हिप्परग्याला किंवा दुसऱ्या एखाद्या तलावावर सरावाला नेण्याची विनंती केली तेव्हा प्रशिक्षिकांनी ती स्पष्ट नाकारली. जीवरक्षक नाही, बचावाची होडी नाही, काठ चिखलाचा आणि तळ अनोळखी, अशा पाण्यात नवशिक्यांना नेणार नाही, असे त्या म्हणाल्या आणि हा निर्णय मला शंभर टक्के योग्य वाटतो. आपल्या जिल्ह्यात तलावांत आणि शेततळ्यांत बुडून माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतच असतो. मात्र जे तरण तलावातच शिकवता आले असते तेही राहून गेले, अशी माझी तक्रार आहे. भिंतीला न टेकता मधेच वळणे, एका पट्टीतून तिघांनी खेटून पोहणे आणि दर सहा-आठ हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोरची खूण पाहणे, हे तिन्ही सराव २५ मीटरच्या तलावात सहज होतात. त्यांपैकी शेवटचा एक सराव स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस झाला आणि तो फार उशिरा झाला.

सायकलच्या आणि जोडसरावाच्या बाबतीत वर्गाकडून अपेक्षा नव्हती, तरी महिन्यातून एका रविवारी प्रशिक्षिका स्वतः आमच्याबरोबर निघत. पोहून ओल्या अंगानेच सायकलवर बसून तुळजापूर रस्त्याने दहा किलोमीटर जाऊन परत यायचे आणि सायकल टेकवली की लगेच दोन किलोमीटर धावायचे. सायकलवरून उतरल्यावर पहिली काही मिनिटे पाय उसने आणल्यासारखे लागतात, आपल्याच पायांना आपण ओळखत नाही आणि ही गोष्ट स्पर्धेआधी दोनचार वेळा अनुभवलेली असणे अत्यंत आवश्यक आहे. माझी साधी हायब्रिड सायकल त्यासाठी पुरेशी ठरली. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर काढायचे सामान जवळ हवेच आणि उसाचा हंगाम सुरू झाल्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्यांमुळे उजाडल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये, हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही, तरी सांगते.

स्पर्धा बाहेरगावी एका तलावात होती. ट्रायथलॉनचा उगम १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे धावणाऱ्यांच्याच एका क्लबातून झाला आणि तेव्हा सुरुवात धावण्याने झाली होती. आज पोहणे आधी ठेवतात याचे मोठे कारण सुरक्षितता आहे, कारण थकलेला माणूस रस्त्यावर चालू शकतो, पाण्यात थांबू शकत नाही. भोंगा वाजला आणि तीस-चाळीस जण एकदम पाण्यात शिरले. पाणी हिरवट होते आणि स्वतःचा हातही कोपरापलीकडे दिसत नव्हता. कोणाचा तरी हात माझ्या घोट्यावर पडला, गॉगल सरकून एका डोळ्यात पाणी गेले आणि शंभर मीटरच्या आतच छाती तशीच भरून आली, जशी ऑगस्टमध्ये पाइप धरून येत असे.

त्या क्षणी वर्गातली एक गोष्ट कामी आली, जिचे महत्त्व मला तोवर कळले नव्हते. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आमचा प्रत्येक वर्ग दोन मिनिटे उताणे तरंगून सुरू होत असे. कान पाण्यात, नजर आकाशाकडे, हात पसरलेले. ते मला वेळकाढूपणाचे वाटत असे. तलावाच्या मध्यावर मी काही न ठरवता उताणी झाले. गॉगल नीट केला, वीस श्वास मोजले, बाजूला होडीतील स्वयंसेवकाने हात करून विचारले तेव्हा अंगठा दाखवला आणि पालथी होऊन आधी फक्त बुडबुडे सोडले, मग हात टाकला. पुढच्या बोयापर्यंत, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपर्यंत, जाताना दोनदा दिशा चुकले, कारण डोळे वर काढायची सवय कच्ची होती आणि तीस-चाळीस मीटर जास्तीचे पोहावे लागले. तरण तलावातील सरावात ७५० मीटरला वीस मिनिटे लागत. इथे चोवीस लागली. परंतु काठावर आले तेव्हा पाय ताजे होते. सायकलींच्या रांगेत माझी जागा शोधायला वेळ लागला नाही, कारण तिथे मी लाल चौकटीचा सोलापुरी टॉवेल अंथरून ठेवला होता आणि तो लांबूनही उठून दिसत होता. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा आणि मगच सायकलला हात लावायचा, हा नियमही प्रशिक्षिकांनी रविवारच्या सरावात इतका घोटून घेतला होता की तिथे चुकणाऱ्यांना पंच थांबवत असताना मी पुढे निघून गेले. शेवटचे ५ किलोमीटर तर माझ्या घरचेच होते.

सर्वसाधारणपणे हा वर्ग कोणासाठी आहे हे मी असे सांगेन. ज्यांना पाण्याची भीती आहे, ज्यांनी कधी पाण्यात चेहरा घातलेला नाही आणि जे पंधरा दिवस भिंत धरून उभे राहायला तयार आहेत, त्यांना याहून चांगले शिक्षण सोलापुरात मिळेल असे मला वाटत नाही. ज्यांना आधीपासून पोहता येते आणि वेग वाढवायचा आहे, त्यांना इथे फारसे हाती लागणार नाही. धावणाऱ्यांनी एका महिन्याचे शुल्क भरून पाहू असे म्हणू नये. एका महिन्यात श्वास जेमतेम बसतो, अंतर बसत नाही. स्पर्धेची तारीख डोळ्यांसमोर ठेवून किमान चार महिने हातात धरावेत. मला तीन महिन्यांचे साडेसहा हजार आणि चौथ्या महिन्याचे अडीच हजार रुपये पडले. त्यात वैयक्तिक लक्ष किती मिळाले हे पाहता ही रक्कम रास्त आहे. गॉगल आणि टोपी आपली आणावी लागते. आपल्याकडील पाणी बहुधा कोमट असल्याने वेटसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी पोशाखाच्या, खर्चात पडायचे कारण नाही.

पैसे भरण्यापूर्वी एकदा वर्ग चालू असताना काठावर जाऊन अर्धा तास उभे राहावे. शिकवणारी व्यक्ती पाण्यात उतरते की खुर्चीवर बसून शिट्टी वाजवते, नवशिक्याला आधी काय करायला लावते, जीवरक्षक जागेवर आहे का, फळ्यावर आजची तारीख आहे का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. स्त्रियांनी कपडे बदलण्याच्या खोलीची कडीही लावून पाहावी. माझ्या माहितीप्रमाणे प्रशिक्षिकांची नवी तुकडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची झुंबड उडण्याआधीचा हा एक महिना पाइप धरून बुडबुडे काढायला सर्वांत निवांत असतो.